बोलत राहा, मॅडम

टीव्हीतून "हत्ती आणि वाघ" असा आवाज आला आणि मरियमच्या हातातलं पाण्याचं फुलपात्र हिंदकळलं. आवाज तिचा होता. तिच्यासारखा नव्हे, तिचाच. 'वाघ'वर येऊन किंचित वर चढणारा तो तिसगावकडचा हेल तिचा, बोलण्याआधी घेतलेला आखूड श्वास तिचा, आणि शेवटी उगीचच आलेलं ते ओशाळं हसूही तिचंच. ती स्वतः मात्र पलंगाच्या कडेला तोंड मिटून उभी होती. पडद्यावर चमचमत्या झग्यातली ती रोजची मुलगी कपाळाला हात लावून म्हणत होती, "अरेरे, साताऱ्याच्या पंकजाताई, चुकलंच की हो तुमचं. इतकं सोपं चित्र. चला, पुढचा फोन कोण करतंय? लाईनी रिकाम्या आहेत." तिच्या मागे ते चित्र होतं. वरचा अर्धा घोडा, कपाळावर पांढरा पट्टा, आणि नाकापासून खाली उंटाचं लोंबतं तोंड. बालवाडीतल्या पोरानं ओळखावं असं.

मरियमला आधी एवढंच वाटलं, की ही पंकजाताई कोण. जणू साताऱ्यात खरंच अशी एक बाई आहे आणि ती आपला गळा घेऊन गेली आहे. शांतवननं उशीवरची मान वळवून तिच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. झटका आल्यापासून तिच्या नवऱ्याची उजवी बाजू लुळी पडली होती, अर्धा चेहरा ओघळल्यासारखा झाला होता, पण डोळे पूर्वीचेच राहिले होते. लष्कराच्या वर्कशॉपात सगळी नोकरी त्यानं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. तारा तपासताना असायचे तसेच ते डोळे, कुठं जळालंय ते शोधणारे. "काय झालं? पाणी घ्या," ती म्हणाली. खोलीतला हा आवाज आणि पेटीतला मघाचा आवाज एकच आहे, हे तिला स्वतःलाच इतकं लख्ख ऐकू आलं की पुढं बोलायला तिची जीभ धजेना. शांतवननं पाणी घेतलं नाही. ती पलंगाशेजारी खाली चटईवर आडवी झाली आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला, पण कानांवर पदर घेतला म्हणून ऐकू यायचं थांबत नाही. चमचमत्या झग्यातली मुलगी हसत राहिली आणि मरियम प्रत्येक नव्या फोनाबरोबर दचकत राहिली, की आता पुन्हा आपण बोलू.

कधी बोललो हे आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. उन्हाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातून घरी आणल्यावर शांतवनची झोप उलटीसुलटी झाली होती; दिवसा डुलक्या आणि रात्री डोळे टक्क. अंधारात तो कण्हायला लागायचा, म्हणून मरियम टीव्ही लावून द्यायची. मालिका संपल्या, बातम्या संपल्या, की तो खेळ लागायचा. चित्र ओळखा, फोन करा, बक्षीस जिंका. लोक फोन करायचे आणि सगळे चुकायचे. कुणी सिंह म्हणायचं, कुणी म्हैस. एवढी माणसं एकदम खुळी कशी झाली, असं मरियमला वाटायचं. आणि त्या रात्री, दवाखान्यातून आल्यापासून ज्याच्या तोंडून 'आं' आणि 'ऊं' याखेरीज काही निघालं नव्हतं, त्या शांतवननं डावा हात उचलून पडद्याकडे बोट केलं. ओठ एका बाजूनं ओढले गेले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि तो म्हणाला, "उं-ट." मग थांबून, धाप टाकून, "घो-डा. उंट." मरियमनं तिथंच गुडघे टेकून देवबापाचे आभार मानले. उठली तर शांतवन तिच्या मोबाईलकडे बघत होता. बक्षिसाची हाव दोघांनाही नव्हती. पण जे कुणालाच येत नव्हतं ते ह्या अंथरुणावरच्या माणसाला आलं होतं, आणि ते कुणीतरी त्या पेटीतून मोठ्यानं म्हणावं, भिंगारच्या शांतवनचं उत्तर एकदम बरोबर असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं नंबर लावला.

बराच वेळ नुसतं गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली. आवाज गोड आणि दमलेला. पुण्यात नर्स असलेली आपली लेक ग्लोरिया रात्रपाळीवरून फोन करते तेव्हा असाच लागतो तिचा आवाज, असं मरियमला वाटलं आणि ती सैलावली. मुलीनं नाव-गाव विचारलं, टीव्हीपासून लांब दुसऱ्या खोलीत जायला सांगितलं, आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा नंबर लागेल. आधी आवाज चेक करते. म्हणा, हत्ती आणि वाघ."

"पण उत्तर ते न्हाई. घोडा आन् उंट हाय."

"माहितेय हो मॅडम. फक्त लाईनसाठी. थोडं हसून म्हणा. छान. आता म्हणा, सिंह आणि ससा. आता म्हणा, अय्या, चुकलं का?"

मरियम म्हणत गेली. आपण काहीतरी नीट करतोय, शिकवल्यासारखं करतोय, याचा तिला थोडा आनंदही झाला. "आता होल्डवर राहा आणि बोलत राहा, मॅडम," मुलगी म्हणाली. "काहीही बोला. गप्प बसलात तर लाईन कट होते." काय बोलू, असं मरियमनं विचारलं तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं. नुसती घूं घूं, लांब कुठंतरी मोठा पंखा चालावा तशी.

आणि मरियम बोलली. स्वैपाकघरात, ओट्याला टेकून. आधी नाव पुन्हा सांगितलं, मग मिस्टर आजारी असतात ते सांगितलं, मग लाईन तुटू नये म्हणून पुढचं. किती महिन्यांत तिला कुणी 'बोला' म्हटलं नव्हतं. घरी येणारे शांतवनचं विचारून जायचे. चर्चचे पाळकसाहेब त्याच्यासाठी प्रार्थना करून जायचे. ग्लोरिया फोनवर गोळ्या दिल्या का एवढं विचारायची आणि तिला ड्यूटीवर हाक यायची. त्या घूं घूं करणाऱ्या पोकळीला मरियमनं सांगितलं की चादरी रोज धुवाव्या लागतात. की बाजारातला टेलर फौजी वर्दीवरच्या नावाच्या पट्ट्या शिवायला देतो, त्या शिवताना झोपेनं सुई बोटात जाते. की एवढ्या तगड्या माणसाला कुशीवर वळवताना आपलीच कंबर मोडते. त्या पोकळीनं मधे कुठं टोकलं नाही, सल्ला दिला नाही, वचन वाचून दाखवलं नाही. आणि मग ती म्हणाली, "देवानं सोडवावं आता ह्यांना. रातच्याला श्वास ऐकत पडते मी ह्यांचा. वाटतं, थांबला तर बरं." मग फोनवर हात ठेवल्यासारखं करून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आन् थांबला तर मी काय करू, असंबी वाटतं." तेवढ्यात खट्ट झालं. लाईन तुटली.

त्या वेळी तिला ते विशेष वाटलं नव्हतं. लागला नाही नंबर, असं तिनं शांतवनला सांगितलं होतं आणि तो भिंतीकडे बघत राहिला होता. आता, अंगावर पदर ओढून, ती एकेक धागा उसवत होती. हत्ती आणि वाघ त्यांनी ठेवलं. म्हणजे सिंह आणि ससाही ठेवलं असणार. 'अय्या' ठेवलं असणार. मग पुढचं? लाईन चालू ठेवायला म्हणून जे जे ओतलं, ते कुठं सांडलं होतं? आज तिच्या तोंडचा हत्ती साताऱ्याच्या बाईला लावला, उद्या तिच्या तोंडचं 'थांबला तर बरं' कुणाच्या नावावर लावतील? आणि लावताना ते पुढचं वाक्य ठेवतील का? ते तर इतकं हळू बोलली होती की मशीनला ऐकूही गेलं नसेल. फक्त पहिलं वाजेल. चमचमत्या झग्यातली मुलगी कपाळाला हात लावेल. आणि पलंगावर, रोज रात्री डोळे टक्क उघडे ठेवून, तो ऐकत असेल. सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं तरी तिला सोसलं असतं. महाराष्ट्राला तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

पुढचे दिवस तिला आवाजाची चोरी झालेल्या माणसासारखे गेले. बाजारात पट्ट्या द्यायला गेली की ती कापडाचा गठ्ठा पुढं सरकवायची आणि मानेनंच हो-नाही करायची. अंडीवाला तिच्याकडे दोनदा बघून हसला तर तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो टीव्ही बघत असेल का, बघत असला तर त्याला कळलं असेल का. रविवारी उपासनेत सगळी मंडळी गीत म्हणायला उभी राहिली तेव्हा तिनं नुसते ओठ हलवले. शेजारची रंगुबाई मधेच गाणं थांबवून तिच्या तोंडाकडे बघायला लागली, तशी मरियमनं खोकल्याचं निमित्त केलं. घरात तर ती कुजबुजायलाच लागली. मोठ्यानं बोललेलं प्रत्येक वाक्य कुणीतरी उचलून नेईल, कापेल, दुसऱ्याच्या तोंडात घालेल, असं तिला वाटायचं. लहानपणी तिसगावला तिची आई म्हणायची, विहिरीत डोकावून नाव घेऊ नये, विहीर ते ठेवून घेते. तेव्हा मरियम हसली होती आणि मुद्दाम ओणवून स्वतःचं नाव ओरडली होती. ते नाव खालून परत आलं होतं तेव्हाचा तो गारठा आता इतक्या वर्षांनी पाठीत उतरायचा.

या सगळ्यात एकच गोष्ट तिला ऊब द्यायची. उन्हाळ्यापासून शांतवननं एक नवीन लाड काढला होता. ताट घेऊन ती जवळ बसली की तो तोंड उघडायचा नाही. डाव्या हातानं तिचा घास तिच्याकडेच ढकलायचा. आधी तू. तिनं घास खाल्ला, गिळला, की मग तो तोंड उघडायचा. लग्न झाल्यापासून कधी तिच्या पानात काय आहे हे न बघणारा हा माणूस. तिनं हे शेजारच्या खुर्शीदला सांगितलं तेव्हा खुर्शीद म्हणाली, "बघा मावशी, झटक्यानं काकांचं दिल नरम झालं." गोळ्यांचं मात्र उलट झालं होतं. त्यानं दात आवळले की मरियमनं काकुळतीला यावं, गोळी ओठांवर विरघळून पांढरा ओघळ व्हावा, आणि तिनं तो पुसून टाकावा. ग्लोरिया म्हणायची, अशा आजारात गिळायचे स्नायू जातात, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. मरियमला ते पटलं होतं. स्नायू भाकरी गिळतात आणि गोळी गिळत नाहीत, असं कसं, हा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

खुर्शीदचा नवरा तौफिक भिंगारात केबल चालवायचा. एके दिवशी दुपारी तो वायर बघायला गच्चीवर आला तेव्हा मरियम चहा घेऊन वर गेली. त्या खेळाचं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अर्धं लाईव्ह, अर्धं डब्यातलं असतंय मावशी," तो म्हणाला. "फोन करनारे लोक खरे. पन त्यांना नुस्तं धरून ठेवायचं, फोनचं मीटर चालू. ज्याला बरोबर येतंय त्याला लाईनच देत न्हाईत. सगळेच चुकले तरच लोक म्हनत्यात ना, आरं मला तर येतंय, लावू फोन."

"आन् धरून ठेवल्यावर माणूस मधी काय बोलतंय, ते?"

"ऱ्हातं की मशिनीत. लागंल तिथं लागंल तेवढं कापून लावायचं."

"किती दिवस ऱ्हातं?"

"त्याला काय भाकर घालायचीय व्हय? ऱ्हातं पडून." त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. "तुमी फोन केल्ता का काय?"

"न्हाई," मरियम म्हणाली. मग म्हणाली, "तेवढं च्यानेल बंद कर आमचं. ह्यांची झोप व्हत न्हाई."

त्यानं बंद केलं. त्या रात्री शांतवन रिमोटचं बटण दाबत राहिला. नंबर यायचा आणि निळा पडदा यायचा. तो पुन्हा दाबायचा. त्याच्या कपाळावर घाम आला, गळ्यातून घोगरा आवाज निघाला, आणि शेवटी रिमोट त्याच्या हातातून निसटून फरशीवर पडला तेव्हा तो रडला. अर्धा चेहरा रडला आणि अर्धा तसाच राहिला. मरियमला ते बघवेना. त्याची वाचा त्या चित्रासमोर परत आली होती. तेच चित्र, तीच मुलगी, तोच घोडा-उंट हे त्याला आपल्या शाबूतपणाचं सर्टिफिकेट वाटत असेल तर ते फाडणारी मी कोण. दुसऱ्या दिवशी तिनं तौफिकला च्यानेल पुन्हा लावायला सांगितलं. आणि ठरवलं की त्या मुलीलाच फोन करायचा. ग्लोरियासारखा आवाज असलेली पोरगी आहे, आईबाप असतीलच तिला, हातापाया पडलं तर पुसून टाकील.

तो नंबर दिवसा लागत नव्हता. म्हणून पुन्हा रात्रच. शांतवनला खेळ लावून दिला, आवाज त्याला हवा तेवढा मोठा ठेवला, स्वैपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. गाणं वाजलं. ह्या वेळी एक पुरुष बोलला, घाईत. नाव, गाव, म्हणा सिंह आणि ससा. "मी काई म्हणणार न्हाई," मरियम म्हणाली. "मागं मी एकदा बोलले, तुमच्या मशिनीत हाय ते. ते पुसा. पाया पडते तुमच्या. जे बोलले ते सगळं पुसा." तो कुणाशी तरी दुसरंच बोलत होता, लाईव्ह घ्या, लाईव्ह घ्या एक, असं काहीसं. आणि एकदम कानात ती चमचमती मुलगी म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय?" आणि क्षणभरानं, लोटलेल्या दाराच्या फटीतून, तीच मुलगी पुन्हा तेच म्हणाली.

मरियमला पाठ केलेलं सगळं विसरायला झालं. फक्त उत्तर आठवलं. "घोडा आन् उंट हाय ते," ती म्हणाली. "मी मरियम, भिंगारहून. आमच्या मिस्टरांनी वळखलंय, शांतवन त्यांचं..."

"हॅलो? हॅलो? आवाजच येत नाहीये," कानातली मुलगी म्हणाली. खट्ट झालं. आणि फटीतून, मागून, "अरेरे, लाईन कट झाली. चला, पुढचा फोन घेऊ या." मरियम फोन तसाच धरून उभी राहिली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तिचा स्वतःचा, हसरा, ओशाळा आवाज आला, "सिंह आणि ससा." आणि मग, "अय्या, चुकलं का?"

ती दार ढकलून धावली. उंबऱ्यात थबकली. शांतवन टीव्हीकडे बघतच नव्हता. तो दाराकडे, तिच्याकडे बघत होता. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं, जणू दाखवायला, की हे बघा, मी नाही. मग ते बांध फुटल्यासारखं बाहेर आलं. "ती मी न्हाई हो. म्हंजे मीच, पण आत्ता न्हाई. मागं फोन केल्ता ना आपण, तवा म्हणून घेतलं त्यांनी माझ्याकडून. चोरी हाय ती. कापून लावत्यात." शांतवन ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यानं डावा हात पांघरुणातून काढला आणि पहिली दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली. तारांमध्ये जन्म काढलेल्या माणसाला ते पहिल्या रात्रीच कळलं होतं. मरियमच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच निघाला. ती पलंगाच्या कडेवर बसली. आणि त्या सैलपणात तिनं विचारून टाकलं. "आन् दुसरं काई ऐकलं का तुमी माझं? ह्याच्यातून? तुमच्याबद्दल काई?"

शांतवननं टीव्हीकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. मरियमनं डोळे मिटून श्वास सोडला. डोळे उघडले तर त्याचा हात अजून उचललेलाच होता. बोट तिच्याकडे नव्हतं, टीव्हीकडेही नव्हतं. तिच्या खांद्यावरून मागे, स्वैपाकघराच्या दाराकडे होतं. ओठ ओढले गेले, शिरा ताणल्या.

"ति-थून," तो म्हणाला.

तिला आधी कळलं नाही. मग ती रात्र तिच्यासमोर पुन्हा उभी राहिली, आणि ह्या वेळी त्या आठवणीत एक गोष्ट जास्तीची होती. मुलीनं टीव्हीपासून लांब जायला सांगितलं होतं, आणि त्याच्याही आधी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. मरियमनं तो बंद केला होता. मुका पडदा आणि शांत घर. मधे एक उघडं दार. पोकळीला ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं, शब्द तोडून बोलली होती. पुढचं वाक्य तेवढं हळू. कुणी काही कापलं नव्हतं. कापायची गरजच पडली नव्हती. तिनंच अर्धं त्याच्यापर्यंत पोचवलं होतं आणि अर्धं स्वतःजवळ ठेवलं होतं.

"पुढचंबी बोलले हुते मी," ती म्हणाली. "हळू बोलले. थांबला तर मी काय करू, असं म्हणले हुते. ते ऐकलं न्हाई का तुमी?" शांतवन तिच्याकडे बघत होता. विश्वास ठेवावा की न ठेवावा हे ठरवायचं बळही त्या डोळ्यांत नव्हतं. त्यात जे होतं ते ती रोज बघत आली होती आणि त्याला आजार म्हणत आली होती. तिचा हात त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला पुढं झाला, आणि त्याची मान उशीत रुतली. बोटभर. नकळत. मार चुकवायला लहान मूल करतं तशी.

तेव्हा तिला घास कळला. आधी तू. तो लाड नव्हता. ती खाईपर्यंत, गिळेपर्यंत तो वाट बघत होता, तिला काही होतं का ते बघत होता. भाकरी तिला आधी खाता येत होती. गोळी येत नव्हती, म्हणून गोळीला दात आवळायचे. उन्हाळ्यापासून हा माणूस, ज्याला उठता येत नाही, ओरडता येत नाही, ज्याचं पाणीसुद्धा हिच्या हातात, तो रोज तिन्ही वेळ आपल्या मारेकरणीच्या हातून जेवत होता. आणि रात्री झोप येत नव्हती ती दिवसा डुलक्या घेतल्यानं नव्हे. ती खाली चटईवर पडून त्याचा श्वास ऐकत असायची, आणि वर तो, आपला श्वास ऐकणारीला ऐकत असायचा. आपण आपला आवाज चोरीला गेला म्हणून भीत होतो, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःच्या त्या भीतीची किळस आली. ती उठली आणि लांब, भिंतीला टेकून बसली. टीव्हीवर कुणीतरी म्हैस म्हणत होतं. तिनं तो बंद केला नाही. बंद केला असता तर घर पुन्हा तसंच शांत झालं असतं.

सकाळी खुर्शीद नेहमीसारखी आली. शांतवनला कुशीवर वळवायला ती रोज हात द्यायची. मरियमनं चूल तशीच सोडली आणि तिला पलंगाजवळ थांबवलं. "खुर्शीद, एक सांगायचंय. ह्यांच्यासमोर सांगायचंय." ज्या वाक्यानं तिला बाजारात मुकं केलं, उपासनेत मुकं केलं, ते आता आपण आपल्या तोंडानं, दिवसाउजेडी, शेजारणीला सांगणार आहोत, आणि संध्याकाळपर्यंत ते गल्लीत जाईल हे तिला माहीत होतं. "मी फोनवर एकीला बोलले, की हे गेले तर बरं. ह्यांचा श्वास थांबला तर बरं, असं बोलले. आन् थांबला तर माझं काय, असंबी बोलले, पण ते हळू. ह्यांनी पहिलं ऐकलंय. तवापासून ह्यांना माझ्या हातचं घ्यायची भीती वाटती."

"काय तरीच मावशी," खुर्शीद म्हणाली. "काका, तुमी सांगा यांना..." आणि शांतवनच्या चेहऱ्याकडे बघून ती बोलायची थांबली.

"आजपासून ह्यांच्या तोंडात काय जातं ते तू बघायचं," मरियम म्हणाली. "रांधीन मी, तू भरव. उद्या ह्यांना काई झालं तर, मी काय बोलले हुते ते तुला ठाऊक हाय, हे लक्षात ठेव. ग्लोरियालाबी आज फोन करून सांगते."

खुर्शीदनं मरियमकडे बघितलं नाही. मरियमच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट मात्र तिनं घेतलं, कडक बोटांनी घेतलं, आणि त्यातली सकाळची गोळी काढली. शेवटच्या क्षणापर्यंत मरियमला वाटत होतं की तो तिच्यापुढंही दात आवळेल. गोळी ओठांवर विरघळेल, पांढरा ओघळ येईल, आणि डॉक्टर म्हणाले तेच खरं ठरेल, गिळायचे स्नायू गेलेत, दुसरं काही नाही. तिनं तशी प्रार्थनासुद्धा केली. खुर्शीदनं एका हातानं त्याची मान उचलली. शांतवननं तोंड उघडलं. आपणहून उघडलं, भुकेल्यासारखं. गोळी आत गेली, वर दोन घोट पाणी गेलं, गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली.

"गेली," खुर्शीद हळूच म्हणाली.

पाणी पिऊन झाल्यावर शांतवननं नजर फिरवली. खोलीत मरियम कुठं आहे ते शोधलं. ती स्वैपाकघराच्या दाराशी गेली होती आणि आत जाणार होती. ती गेली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, उजेडात, त्याला दिसेल अशी, दोन्ही हात पुढं धरून, रिकामे.